घराण्याचीं टिपणें

पुण्याच्या नदीकांठच्या एका जुन्या पेठेंत, इ. स. २००९ च्या श्रावणांत, एका घरीं एक लोखंडी पेटी उघडण्यांत आली. पेटीचे धनी, म्हणजे त्या घरांतील थोरले काका, आदल्या वर्षीं निवर्तले होते. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतांना १९७९ सालीं त्यांनीं घराण्याचा इतिहास जमविण्यास आरंभ केला, तो उद्योग सेवानिवृत्तीनंतरहि सोडला नाहीं. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या त्यांनीं धुंडाळल्या. कोंकणांतील मूळ गांवीं तीन वेळां जाऊन जमिनीचे कागद उतरून आणिले. ज्या आप्तांचीं मुखें इतरांस केवळ लग्नकार्यांत दिसत, त्यांच्या ओसरीवर दोन दोन दिवस बसून त्यांस बोलतें केलें. घरची मंडळी या व्यासंगाकडे कौतुकानें आणि किंचित् थट्टेनेंहि पाहत. एक ना एक दिवस "काकांचें पुस्तक" निघावयाचें, हें मात्र सर्वांनीं गृहीत धरलें होतें.

पेटींतून चौदा वह्या, बिस्किटांचा डबा भरून चिठ्ठ्या, मोडी कागदांचे दोन रुमाल आणि पाकिटांत कोंबलेलीं शंभरावर छायाचित्रें निघालीं. पुतण्यानें हौसेनें पहिली वही उघडली. "ना. ब. (दुसरे). शके १७३४. त्र्यं. पहा." पुढच्या पानावर तांबड्या शाईनें लिहिलें होतें, "हें चूक. खरें निळ्या वहींत." चौदांपैकीं चार वह्यांचीं वेष्टनें निळीं होतीं. एका चिठ्ठीवर तर इतकेंच शब्द होते: "थोरलीचें नांव तूर्त लिहूं नये. मावशीस पुनः विचारणें." छायाचित्रांच्या पाठी कोऱ्या होत्या.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कागदांस वाळवी लागली नव्हती, पानें भिजलीं नव्हतीं, कांहीं चोरीसहि गेलें नव्हतें. सर्व वस्तु जागच्या जागीं असून नष्ट झाला होता तो त्यांचा परस्परांशीं असलेला संबंध. आणि तो अठ्ठावीस-एकोणतीस वर्षें केवळ एका माणसाच्या डोक्यांत सांठविलेला होता. कुलवृत्तांत लिहूं पाहणारीं बहुतेक माणसें कागद जपतात, टिपणें जपीत नाहींत. टिपणें आपलींच असल्यामुळें तीं आपणांस समजतात, आणि आपणांस समजतात तीं सर्वांस समजतील असा एक निष्पाप भ्रम त्यांस असतो.

पुतण्यानें आरंभींच एक प्रमाद केला. सर्व पाकिटें रिकामीं करून त्यानें छायाचित्रें आकाराप्रमाणें लाविलीं. ढीग मोठा सुबक दिसूं लागला. पुढें कळलें कीं, काकांनीं एकेका कार्याचीं छायाचित्रें एकेका पाकिटांत ठेविलीं होतीं. पाठीवर नांवें नसलीं तरी कोण कोणाच्या लग्नांत उभें होतें, हें त्या पाकिटांवरून तरी उमगलें असतें. तो धागा आवराआवरीच्या पहिल्याच अर्ध्या तासांत तुटला. ज्यांच्या घरीं अशी एखादी पेटी असेल, त्या श्रोत्यांनीं ती लावण्यापूर्वीं, ती जशी सांपडली तशी, वरपासून तळापर्यंत एका कागदावर लिहून काढावी. अव्यवस्थेंतहि लावणाराची कांहीं व्यवस्था असते.

सुदैवानें काकांची धाकटी बहीण हयात होती. वय वर्षें चौऱ्यांशीं. पण दृष्टि शाबूत आणि स्मरण त्याहून शाबूत. ती दोन महिने माहेरीं येऊन राहिली. रोज दुपारीं चहा झाल्यावर पुतण्या वही घेऊन बसे.

"आत्या, हे त्र्यं. म्हणजे कोण? त्र्यंबकराव का?"

"कोण काय विचारतोस रे? कोठें, तें विचार. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांची चोपडी ती. दादा तेथून आला तो चार दिवस दुसरें कांहीं बोललाच नाहीं."

अशा रीतीनें पुष्कळ गांठी सुटल्या. 'ना. ब.' म्हणजे नारायण बल्लाळ. परंतु आजोबांचें नांव नातवास ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळें त्या घराण्यांत नारायणाचा बल्लाळ आणि बल्लाळाचा नारायण अशी माळ चार पिढ्या चालली होती. मग 'दुसरे' कोठून मोजावयाचे? काकांनीं मूळ पुरुषापासून मोजिले होते कीं पुण्यास आलेल्या पुरुषापासून, हें त्यांनीं कोठेंहि नमूद केलें नव्हतें. आत्याबाईंस एक जुनें भांडण आठवत होतें, त्यावरून तो उलगडा झाला. पण भांडणाच्या आठवणीवर वंशावळ उभी करणें हें कांहीं शास्त्र नव्हे.

मावशीची चिठ्ठी मात्र सुटली नाहीं. कोणती मावशी, हें आत्याबाईंस सांगतां येईना. काकांच्या दोन मावश्या. धाकटी १९९८ सालीं गेली, थोरली त्याच्याहि पूर्वीं. 'थोरली' म्हणजे पणजोबांची प्रथम पत्नी असावी, इतकाच तर्क निघाला. तिचें माहेरचें नांव काय, सासरचें काय, तें लिहूं नये असें काकांस कां वाटलें, हें आतां कोणास विचारावयाचें? वंशावळींत पुरुषांच्या नांवांची दाट पालवी असते आणि त्यांना जन्म देणाऱ्या स्त्रियांच्या ठिकाणीं बहुधा रिकामी रेघ. लग्नांत नांव बदलण्याच्या चालीमुळें एकाच स्त्रीचीं दोन नांवें दोन कुळांत पडतात आणि दोन्हीं ठिकाणीं ती अर्धी राहते. म्हणून दोन्ही नांवें आणि दोन्ही गांवें, कळतील त्याच दिवशीं, लिहून टाकावीं.

काका इतिहासाचे भक्त होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे कांहीं खंड त्यांच्या फडताळांत होते. राजवाड्यांनीं पहिला खंड १८९८ सालीं काढिला आणि पुढें एकंदर बावीस खंड प्रसिद्ध केले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यांतहि ते अग्रणी होते. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनी दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. हे खंड चाळले तर काय दिसतें? प्रत्येक पत्रास एक लेखांक, शिरोभागीं मिति, मूळ मजकूर वेगळा आणि संपादकाचें मत वेगळें. लेखांक ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु तिच्यावांचून "निळ्या वहींत पहा" असेंच लिहावें लागतें.

पुतण्यानें तेंच केलें. वह्यांस क्रमांक, पानांस क्रमांक, डब्यांतील चिठ्ठ्यांस आणि छायाचित्रांस क्रमांक घालून त्यानें एक जाडजूड सूचीची वही केली. तींत प्रत्येक नोंदीपुढें कोठें मिळालें, कोणाकडून मिळालें, केव्हां मिळालें हें लिहिलें. आणि शेवटीं एक खूण: पाहिलें, ऐकिलें किंवा तर्क. काकांच्या टिपणांत हीं तिन्हीं सरमिसळ झालीं होतीं. पूर्वज पेशव्यांच्या पदरीं असल्याची घरांतील कथा केवळ ऐकींव निघाली. सनद नाहीं, पत्र नाहीं. पुतण्यानें ती पुसली नाहीं. 'ऐकिलें' असें लिहून राहूं दिली. मंडळींस थोडें वाईट वाटलें.

मितींचा घोळ याहून बिकट. जुन्या कागदांवर शक असतो, फसली सन असतो, मोडी पत्रांवर सुहूर सन अरबी शब्दांनीं असतो. कित्येक पत्रांवर "छ ५ रमजान" एवढाच महिना-दिवस असून वर्षाचा पत्ताच नसतो. "सन सलास सबैन मया व अलफ" म्हणजे सुहूर सन ११७३. हें वर्ष मृगाला पालटतें, म्हणून त्यांत मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढें ६०० मिळवावे; म्हणजे इ. स. १७७२-७३ येतात. शकांत ७८ मिळवितात, पण माघांतील मितीस ७९ मिळवावे लागतात. माघ शके १७३४ हा इ. स. १८१३ मध्यें पडतो. काकांनीं सरसहा ७८ मिळविले होते, आणि त्यामुळें एका आजोबांचा मृत्यु त्यांच्याच हातच्या खरेदीखताच्या आधीं झाला होता! मूळ मिति कागदावर आहे तशी उतरावी आणि रूपांतर कंसांत द्यावें, म्हणजे मागून येणारास चूक सुधारतां येते.

आतां कागद जपण्याविषयीं. या घराण्याचें जुनें दप्तर १२ जुलै १९६१ रोजीं, पानशेतच्या पुरांत, माजघरांतच राहून गेलें. दोन रुमाल वांचले ते माडीवर होते म्हणून. त्यांतील एकास ओल लागून खारव्याचा तांबडा रंग कागदांवर उतरला आहे. रुमालास धुवून खळ काढलेला कोरा मांजरपाट उत्तम. खळीला कीड येते. मोडी कागदांची शाई बहुधा काजळी व गोंद यांची; ती उजेडानें विटत नाहीं, पण ओल्या बोटानें पसरते. टांचण्या पावसाळ्यांत गंजतात, चिकटपट्टी पिवळी पडून अक्षरांसकट निघते, आणि लॅमिनेशन केलेला कागद पुनः सुटा होणें कठीण. पेटी भिंतीपासून व जमिनीपासून अलग असावी, आणि पावसाळा सरल्यावर कागदांस सावलींत वारा द्यावा. वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यांत ठेवणें हें आजीबाईचें शहाणपण अद्याप उपयोगी पडतें.

येथें एक विपरीत गोष्ट आहे. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा. तो दोन-अडीचशें वर्षें सहज टिकला. काकांच्या वह्या यंत्रावरच्या, लांकडी लगद्याच्या. तीस वर्षांतच त्यांच्या कडा तांबूस होऊन मोडूं लागल्या होत्या. म्हणून पहिली नक्कल मोडी सनदांची न करतां काकांच्या वह्यांची करणें अगत्याचें होतें.

पुतण्यानें २०१० सालीं सर्व पानांचीं प्रतिबिंबें संगणकावर घेऊन पांच सीडींवर उतरविलीं आणि तो निश्चिंत झाला. २०२२ सालीं त्यांपैकीं दोन वाचतां येईनात. आणि सीडी वाचणारें यंत्रच घरांत उरलें नव्हतें. वह्या शाबूत होत्या म्हणून काम पुनः करतां आलें. आतां एक प्रत घरच्या संगणकावर आहे, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक बडोद्यास चुलतबहिणीकडे; कारण मुठेचा पूर बडोद्यास पोंचत नाहीं. दर दिवाळींत तिन्हीं उघडून पाहण्याचा शिरस्ता ठेविला आहे. प्रत्येक फाइलीच्या नांवांत लेखांक आधीं घातला आहे, म्हणजे सूची आणि चित्र यांची चुकामूक होत नाहीं. व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेलें चित्र आकुंचित होऊन येतें. तें पाहण्यास ठीक, जपण्यास नव्हे.

छायाचित्रांचें काम आत्याबाईंनीं केलें. मऊ शिसपेन्सिल घेऊन, टेबलावर कांच ठेवून, एकेक पाठ त्या हलक्या हातानें लिहीत गेल्या. शाई पुढें उमटते म्हणून पेन त्यांस दिलें नाहीं. लिहितांना त्या कधीं हंसत, कधीं बराच वेळ गप्प बसत. गणपतींपर्यंत सत्त्याण्णव ओळखून झालीं. त्या २०१४ सालीं गेल्या.

सूचींत ११८ व्या क्रमांकावर एक नोंद आहे. मुलगी, वय अदमासें नऊ, नाकांत नथ, शेजारीं कुंडी. छायाचित्रकाराचें नांव फाटलेलें. पुढें पुतण्याच्या अक्षरांत लिहिलें आहे: "आत्यास तीनदां दाखविलें. ती म्हणाली, डोळे आमच्या दादासारखे आहेत. नांव कळलें नाहीं. तर्क."