बोलतं करणारा हवा
(मंडळाच्या युवक मेळाव्यातील भाषण)



आम्ही काही प्राध्यापक नाही. डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलो, वीस-बावीस वर्षं फायली आणि साइट यांतच गेली. तरी मंडळानं बोलायला उभं केलं, कारण यंदा उन्हाळ्यात आम्ही तिघाचौघांनी मिळून कॉलेजातल्या मुलांसाठी आठ रविवार एक वर्ग घेतला. विषय एकच: वर्गात, होस्टेलात भांडण पेटलं की पुढारी मुलानं काय करायचं?

हे का सुचलं ते आधी सांगतो. आम्ही पॉलिटेक्निकला असताना होस्टेलच्या मेसमध्ये अंडी द्यावीत की नाही, यावरून दोन तट पडले. एका तटाचे पुढारी आम्हीच. घोषणा दिल्या, ताटं वाजवली. पण तुमची नेमकी अडचण काय, हे समोरच्यांना एकदाही विचारलं नाही. महिन्याभरात ठेकेदार मेस बंद करून निघून गेला. आम्हाला घरून मनीऑर्डर यायची, आम्ही बाहेर जेवलो. निमाडातल्या खेड्यातून आलेला एक सोबती मात्र एक वेळ जेवून राहिला आणि पुढच्या वर्षी परत आलाच नाही. नंतर कळलं, समोरच्यांचं म्हणणं एवढंच होतं की भांडी वेगळी ठेवा. सगळा प्रश्न दोन पातेल्यांचा होता!

आमचं निदान मेसवर भागलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये इथून तासा-दीड तासावरच्या उज्जैनला, माधव कॉलेजात छात्रसंघाच्या निवडणुकीवरून हिंसाचार झाला आणि प्राध्यापक सभरवाल यांचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू करायला सांगितल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, हजेरी ७५ टक्के, छापील पोस्टर नाही. नियम चांगलेच आहेत. पण निवडून आलेल्या मुलानं दोन चिडलेल्या गटांना समोरासमोर कसं बसवायचं, हे नियमानं येत नाही. त्याला सराव लागतो.

आम्ही वर्गात तोच सराव करून घेतला. विसर्जनाला डीजे असावा की ढोल-ताशा, हा आपल्याच घरचा वाद घेतला. एक मुलगी सूत्रधार झाली. पहिला नियम, सूत्रधारानं स्वतःचं मत खिशात ठेवायचं. दुसरा, प्रत्येकाला दोन मिनिटं. गप्प बसणाऱ्याला आधी. तिसरा सर्वांत अवघड: उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि तो "हो, हेच म्हणत होतो" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. पहिल्या रविवारी हे कुणालाच जमलं नाही. आम्हालाही नाही.

चौथा नियम, "तुला असं का वाटतं?" असं दरडावून न विचारता "तुझ्या बाबतीत काय घडलं?" असं विचारायचं. तसं विचारल्यावर डीजेला कडाडून विरोध करणारा मुलगा म्हणाला, मिरवणूक आमच्या दारावरून जाते आणि आजोबांना हृदयविकार आहे. त्यानंतर आवाज चढलाच नाही. मार्ग आणि वेळ यांवर बोलणं सुरू झालं. शेवटी कागदावर तीन रकाने: काय पटलं, काय पटलं नाही, कोण काय कधीपर्यंत करणार. "पटलं नाही"चा रकाना रिकामा राहिलाच पाहिजे असं नाही.

एक पथ्यही सांगितलं. रॅगिंग, धमकी, मुलींची छेड, जातीवरून अपमान, इथं चर्चा घडवायची नाही. तिथं पीडिताच्या बाजूनं उभं राहून रीतसर तक्रार करायची. समेटाच्या नावाखाली दुबळ्याला गप्प बसवणं हा संवाद नव्हे.

आपण लोकमान्यांचं नाव घेऊन मांडव घालतो. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. सुधारणांवरून टिळकांशी मतभेद विकोपाला गेले, मैत्री दुरावली, १८८८ साली 'सुधारक' निघालं. १८९५ साली आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख लिहिला टिळकांनीच. एवढ्या मोठ्या माणसांनाही जे साधलं नाही, ते आपल्या मुलांना एका उन्हाळ्यात साधेल असं आम्ही म्हणत नाही. पण सुरुवात वेळेवर व्हावी, एवढीच इच्छा आहे.

पालकांना एक विनंती. दिवाळीनंतर वर्ग पुन्हा सुरू होईल, मुलांना पाठवा. आणि घरी जेवताना मुलगा उलट बोलला, तर एकदा त्याचं म्हणणं त्यालाच सांगून पाहा, तो "हो, हेच" म्हणेपर्यंत. आम्ही घरी करून पाहिलं. भाजी गार झाली, पण पोरगं ताटावरून उठलं नाही.

गणपती बाप्पा मोरया!