पुरापूर्वीची ठिणगी

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांतील कांठच्या गांवांना ती एरवीं आईसारखी. परंतु वर पैठणला जायकवाडीचें धरण भरलें आणि त्याचीं दारें उघडलीं, कीं तिचें रूप पालटतें. २००६ सालच्या ऑगस्टमध्यें गोदाकांठानें हा अनुभव घेतला. वस्तीला पाण्यानें वेढलें म्हणजे कोरड्या जमिनीशीं तिला जोडणारें साधन एकच उरतें, तें म्हणजे होडी. आणि पुराच्या ओढीविरुद्ध जावयाचें तर होडीला यंत्र हवें.

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकविण्याच्या या यंत्राला आउटबोर्ड मोटर म्हणतात. नॉर्वेंत जन्मलेल्या ओल इव्हिनरूड नांवाच्या कारागिरानें १९०९ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी येथें अशा मोटरी विकावयास आणल्या आणि पुढें त्या जगभर पसरल्या. दोरी ओढून सुरू करावयाच्या जुन्या मोटरीची बनावट साधी, म्हणून ती दीर्घायुषी. पण अशी मोटर वापरानें झिजते त्यापेक्षां बिनवापरानें अधिक बिघडते. वर्षांतील बहुतेक महिने ती कोठीच्या कोपऱ्यांत धूळ खाते, आणि नेमक्या पाणी चढल्या रात्रीं कोणी तिची दोरी ओढतो. वीस हिसके दिले तरी ती गप्प! पुष्कळदां दोष असतो तो हरवलेल्या ठिणगीचा.

ही ठिणगी येते कोठून? जुन्या मोटरींत बॅटरी नसते. तिच्या फ्लायव्हीलमध्यें, म्हणजे गतिचक्रांत, लोहचुंबक बसविलेले असतात. चक्र फिरूं लागलें कीं चुंबक एका तारेच्या गुंडाळीजवळून जातात व तींत प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ सालीं शोधलेलें तत्त्व तें हेंच. योग्य क्षणीं पॉइंट नांवाचीं दोन लहान टोकें एकमेकांपासून दूर होतात, प्रवाह तुटतो, आणि बारीक तारेच्या दुसऱ्या गुंडाळींत हजारों व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगच्या फटींतून ठिणगी उडी घेते. या योजनेला मॅग्नेटो म्हणतात. ज्या कारागिरानें लूना किंवा जुनी स्कूटर खोलली आहे, त्याला ती परकी वाटणार नाहीं.

दोष शोधतांना सोप्याकडून अवघडाकडे जावें. प्रथम प्लग काढून पाहावा. दोरी ओढून झाल्यावरही तो कोरडा असेल, तर पेट्रोलच पोंचत नाहीं. मग टाकी, नळी व कार्ब्युरेटर पाहावे. तो ओला असेल, तर ठिणगीची शंका घ्यावी. प्लग पुसून तारेला जोडावा, त्याचें धातूचें अंग यंत्राच्या धातूला टेकवावें आणि सावलींत दोरी ओढावी. निळी, कडाडणारी ठिणगी दिसली तर मॅग्नेटो बहुधा ठीक. पिवळी, मरगळलेली किंवा मुळींच न दिसली तर दोष आहे. मात्र प्लग आपल्या छिद्रापासून दूर ठेवावा आणि जवळपास पेट्रोल सांडलेलें नसावें, नाहींतर परीक्षेंतूनच आग लागावयाची.

ठिणगी नसेल तर आधीं नवा प्लग लावून पाहावा. नंतर मोटर बंद करावयाच्या बटनाची तार सोडवून पुन्हां परीक्षा करावी. ही तार कोठें उघडी पडून धातूला टेकली, म्हणजे सारी वीज तेथूनच निसटते. त्यानंतर प्लगकडे जाणारी जाड तार अंधारांत पाहावी. तिच्या आवरणाला चीर असेल, तर ठिणगी तेथेंच चमकते.

एवढें करूनही गुण आला नाहीं, तर मग पॉइंट. दमट कोठींत त्यांवर करडा थर चढतो, आणि कागदाइतका पातळ थरही वीज अडविण्यास पुरेसा होतो. बारीक कानशीनें तो घासून पेट्रोलांत भिजविलेल्या स्वच्छ पुठ्ठ्याच्या पट्टीनें पुसावा. पुष्कळ जुन्या मोटरींत पॉइंटांची फट सुमारें अर्धा मिलिमीटर असते; नेमकें माप त्या यंत्राच्या पुस्तिकेंत पाहावें. पॉइंट वरचेवर जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. थंड असतांना चालणारी आणि तापल्यावर मरणारी मोटर बहुधा गुंडाळीकडे बोट दाखविते. गतिचक्र काढण्यास त्याच्या ओढणीचाच उपयोग करावा. हातोड्याच्या घावानें चक्राला तडा जातो व चुंबकही दुबळे होतात.

ठिणगी आली म्हणजे काम संपलें असें नव्हे. टाकींत गतवर्षीचें पेट्रोल असेल तर तें काढून टाकावें; त्याचा चिकट गाळ होतो, आणि इथेनॉल मिसळलेलें असेल तर तें हवेंतील ओलावाही शोषतें. नव्या पेट्रोलांत पुस्तिकेंत दिलेल्या प्रमाणांत तेल घालावें. मग मोटरीचा खालचा भाग पाण्यानें भरलेल्या पिंपांत बुडवून ती दहा मिनिटें चालवावी. कोरडी चालविली तर तिला थंड ठेवणाऱ्या पंपाचें रबरी चाक थोड्याच वेळांत नासतें.

ही सारी तपासणी मे महिन्याच्या एका सकाळीं आटोपते. तीच पुराच्या रात्रीं, कंदिलाच्या उजेडांत, भिजल्या हातांनीं करावयाची म्हटली तर पॉइंटांतील अर्ध्या मिलिमीटरचें अंतर डोळ्यांना दिसत नाहीं, आणि पैलतीरावर वाट पाहणाऱ्या माणसांना तें समजावून सांगतां येत नाहीं. ज्या गांवाच्या होडीची दोरी मृगाच्या आधीं एकदां ओढली जाते, त्या गांवाला श्रावणांत ती वीसदां ओढावी लागत नाहीं.