‘ओल्ड नंबर वन’ची साक्ष

१९९० साली लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ओटन यांच्यापुढे एका मोटारीचा खटला चालला. चोरीचा नाही, अपघाताचाही नाही. न्यायमूर्तींनी ठरवायचं होतं ते एवढंच, की समोरची गाडी ‘ती’च आहे की दुसरी.

गाडी होती बेंटली कंपनीची स्पीड सिक्स, नंबर एमटी ३४६४. जुन्या मोटारींच्या जगात तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणतात. मालकाने ती मिडलब्रिज सिमिटर नावाच्या कंपनीला विकायचं ठरवलं होतं. किंमत होती १ कोटी पौंड. मोठा भाग रोख, उरलेला दुसऱ्या गाड्यांच्या रूपाने. करार झाला आणि मग खरेदीदार मागे सरकला. त्याचं म्हणणं असं, की शर्यती जिंकलेली गाडी केव्हाच संपली, आता उरलंय ते फक्त नाव. मालक कोर्टात गेला. त्यामुळे एरवी चार शौकिनांच्या गप्पांत विरून गेला असता तो वाद साक्षी-पुराव्यांनिशी, कलमवार तपासला गेला. जुन्या गाडीचा इतिहास शोधायचा कसा, हे शिकण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

आधी गाडीची कुंडली. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ साली कंपनी काढली. गाड्या दणकट आणि वेगवान, पण तिजोरीत कायम खडखडाट. किंबर्लीच्या हिऱ्यांवर गब्बर झालेल्या बार्नी बार्नाटोचा वारस वुल्फ बार्नाटो याने पैसा ओतला आणि तो कंपनीचा अध्यक्ष झाला. हा गडी नुसता धनको नव्हता. सरे संघाकडून यष्टिरक्षक म्हणून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलेला हा माणूस ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. १९२८ सालचा विजय वेगळ्या गाडीतला. १९२९ चा आणि १९३० चा, हे दोन्ही याच एमटी ३४६४ मधले.

१९२९ च्या जूनमध्ये तिच्यावर १ हा आकडा रंगवलेला होता. टोपणनाव आलं ते त्यावरून. बार्नाटो आणि सर हेन्री ‘टिम’ बर्किन यांनी आळीपाळीने चालवून १७४ फेऱ्या, म्हणजे सुमारे २,८४४ किलोमीटर अंतर कापलं. मागोमाग दुसरी, तिसरी आणि चौथीही बेंटलीच. पुढच्या वर्षी बार्नाटोच्या जोडीला ग्लेन किडस्टन होता आणि समोर रुडॉल्फ काराचिओलाची मर्सिडीज. मर्सिडीज रात्रीत बाद झाली आणि एकच गाडी लागोपाठ दोन वर्षं ले मान्स जिंकली. १९३१ मध्ये ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीतही जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी तिलाच पहिलं आणलं. त्याच वर्षी बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसच्या पदरी गेली.

इथवर सगळं सरळ आहे. गुंता सुरू होतो १९३२ मध्ये.

त्या वर्षीच्या ५०० मैलांसाठी गाडीत ८ लिटरचं अजस्र इंजिन चढवलं गेलं. खालचा सांगाडा, आपल्या गॅरेजच्या भाषेत चासी, तीही वेगळी. २४ सप्टेंबरला जॅक डनफीने गाडी मधेच आपल्या भावाच्या, क्लाइव्हच्या, हाती दिली. ब्रुकलँड्सच्या काँक्रीटच्या उतरत्या वळणावर, मेंबर्स बँकिंगवर, गाडी वरच्या कडेवरून पलीकडे गेली आणि क्लाइव्ह जागीच गेला. नंतर तीच मोडकी गाडी पुन्हा बांधण्यात आली, रस्त्यावर चालवण्यासाठी, निराळी बॉडी घालून. आणखी काही दशकांनी तिला परत १९२९-३० सालचं उघडं, हिरवं रूप देण्यात आलं.

मग १९९० साली कोर्टासमोर उभी होती ती कोण?

न्यायमूर्तींनी साक्षी ऐकून वर्षवार हिशेब मांडला. १९२९ च्या विजेत्या गाडीतलं, ज्यांचा काळ ठरवता येत नाही अशी काही किरकोळ फिटिंग्ज सोडली, तर काहीही शिल्लक नाही. १९३० च्या गाडीतल्या तीनच वस्तू उरल्या होत्या: पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा दांडा. १९३२ च्या अपघातातल्या गाडीचं मात्र बरंच काही होतं. चासी, पाटे आणि त्यांचे हुक, पुढचा अॅक्सल, मागचे ब्रेक, ते ८ लिटरचं इंजिन. म्हणजे बार्नाटो आणि किडस्टन यांचे पाय ज्या पेडलांवर पडत त्यांचा आस, गिअरबॉक्सचं कवच आणि त्यांनी ज्यावर चाक फिरवलं तो दांडा. ज्या गाडीने ले मान्स जिंकलं तिची शरीरखूण एवढीच.

याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. शर्यतीच्या गाड्या सांभाळणाऱ्या कारखान्यात कुणी संग्रहालयाचा विचार करत नव्हतं. चासीला चीर दिसली की ती बाहेर, इंजिन थकलं की दुसरं आत. जुना भाग भंगारात गेला किंवा दुसऱ्या गाडीला लागला, आणि घाईत त्याची नोंद करायची राहिली. गाडी जितकी यशस्वी, तितके तिचे भाग अधिक बदललेले. ‘सगळं ओरिजिनल’ अशी जाहिरात केलेली विजेती गाडी दिसली, की जाणकार सावध होतात ते यामुळेच. जी गाडी खरोखर मूळ अवस्थेत टिकली, ती बहुधा शर्यतीत फारशी धावलीच नव्हती.

संशोधकाला म्हणून कागद आणि लोखंड समोरासमोर बसवावे लागतात. कागदावर ‘ओल्ड नंबर वन’ची चासी एलबी २३३२. पण नंबर म्हणजे पत्र्याची पट्टी आणि हातोडीने ठोकलेले आकडे. पट्टीचे स्क्रू निघतात आणि आकडे नव्या सांगाड्यावर ठोकता येतात. म्हणून आकड्यांची उंची, वळण, ठोक्याची खोली हे त्याच कारखान्यातल्या इतर गाड्यांशी ताडून पाहतात. त्यानंतर छायाचित्रं. शर्यतीच्या जुन्या फोटोत चालकाच्या चेहऱ्यापेक्षा बॉनेटच्या फटी, रिव्हेटांच्या ओळी आणि सुटं चाक कुठे बांधलंय याकडे बघायचं असतं. बेंटलीच्या बाबतीत सुदैवाने कंपनी बुडाली तरी चासीवार सर्व्हिसच्या नोंदी मागे राहिल्या: कोणत्या दिवशी काय बदललं, गाडी कुणाला दिली. सरकारी कागदांचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात वाहनांची नोंदणी संगणकावर गेली तेव्हा अनेक कौंट्यांची जुनी रजिस्टरं काढून टाकली गेली. ते नुकसान कधीच भरून निघणार नाही.

कागदावरची एक तारीख काय करू शकते, हे ‘ब्लू ट्रेन बेंटली’च्या कथेत दिसतं. १९३० च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कानला बार्नाटोने पैज लावली, की ब्लू ट्रेन कॅलेला पोचेपर्यंत आपण मोटारीने लंडनला पोचलेलो असू. १३ तारखेच्या संध्याकाळी ट्रेन सुटली तसा तोही निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेन कॅलेला लागण्याच्या चार मिनिटं आधी तो लंडनमधल्या आपल्या क्लबच्या दारात होता. ही घटना खरी आहे. पण कोणत्या गाडीतून? पिढ्यानपिढ्या उत्तर ठरलेलं होतं: मागे उतरत्या छताची, गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली देखणी स्पीड सिक्स कूपे. चित्रकार टेरेन्स क्युनिओने ती ट्रेनच्या बरोबरीने धावताना रंगवली आणि चित्राच्या प्रती घरोघरी लागल्या. पुढे कुणीतरी दप्तर उघडून पाहिलं. ती कूपे तयार होऊन बार्नाटोच्या हाती आली मे महिन्यात. मार्चमध्ये ती रस्त्यावर असणं शक्यच नव्हतं. पैज जिंकली ती एच. जे. मलिनरची बॉडी असलेल्या, दिसायला साध्या चार दारी सलूनने. चित्र आजही सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इतकी वर्षं त्या चित्रालाच पुरावा मानलं गेलं आणि खरी गाडी बाजूला पडली, हे मनाला लागणारं आहे. गाडी चालवणारा माणूस त्यानंतर अठरा वर्षं हयात होता. वेळेवर नीट विचारलं असतं तर हा घोळ झालाच नसता.

चालकांच्या बाबतीतही हीच शिस्त हवी. तिथे ती अधिक अवघड, कारण दंतकथेचा मोह मोठा. किडस्टनचं आयुष्य कादंबरीत घातलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. नौदलात कोवळ्या वयात असताना १९१४ साली त्याची युद्धनौका ‘होग’ पाणबुडीने बुडवली, तो वाचला. नोव्हेंबर १९२९ मध्ये क्रॉयडनहून निघालेलं जर्मन प्रवासी विमान सरेच्या टेकड्यांत कोसळलं, त्यातून जिवंत राहिलेला तो एकटा. सात महिन्यांत त्याने ले मान्स जिंकलं. १९३१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडहून केपटाउनला साडेसहा दिवसांत विमान नेलं आणि मे महिन्यात ड्राकेन्सबर्गच्या डोंगरात विमान कोसळून तो गेला. यातली प्रत्येक गोष्ट तारखेने तपासता येते, आणि तपासल्यावर ती तसूभरही कमी थरारक होत नाही.

बर्किनची गोष्ट निराळी. १९३३ च्या मे महिन्यात ट्रिपोलीच्या ग्रांप्रीत त्याचा हात तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीवर भाजला आणि जूनमध्ये तो वारला. जखम चिघळून रक्तात विष भिनलं, असं सर्वत्र सांगितलं जातं. पण पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनला असताना त्याला मलेरिया जडला होता, आणि त्यानेच शेवटी दगा दिला असंही म्हटलं जातं. इथे प्रामाणिक चरित्रकाराने दोन्ही कारणं शेजारी शेजारी लिहावीत. नायकाला शोभेल म्हणून एकच निवडणं बर्किनवर अन्याय आहे.

आता निकाल. न्यायमूर्ती ओटन यांनी ही गाडी ‘मूळ’ आहे असं म्हटलं नाही आणि ती केवळ ‘पुनर्बांधणी’ आहे हेही नाकारलं. त्यांच्या मते ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ होती, कारण भाग बदलत गेले तरी ती एका क्षणी संपली आणि दुसरी सुरू झाली असा दिवस तिच्या आयुष्यात कुठेही दाखवता येत नव्हता. मालक जिंकला. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, वासे बदलतात, कळस नवा येतो, तरी गावाच्या लेखी देऊळ तेच राहतं. निकालामागचा विचार याच जातीचा आहे. तो पटण्याजोगा आहे. मात्र त्याला एक अट आहे आणि ती सोयीने विसरली जाते. ही अखंडता नोंदींनी सिद्ध झाली. १९३२ चा अपघात, बदललेली चासी, निराळी बॉडी हे सगळं उघड मांडलं गेलं, म्हणून ‘अस्सल’ हा शब्द टिकला. तेच लपवलं असतं तर तीच गाडी, तेच लोखंड, आणि तरी फसवणूक ठरली असती.

हा प्रश्न आपल्याकडेही आला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी त्यात बसते आणि नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. या कसोटीवर ‘ओल्ड नंबर वन’ दारातूनच परत गेली असती. रोजच्या वापराच्या गाड्यांना नियम ठीक असेल. शर्यतीच्या गाडीला तो लागू करताना मात्र तिचा इतिहास वाचणारा माणूस तपासणीला हवा.

मुंबई-पुण्यात, कोल्हापूर-सांगलीकडे, गोव्यात जुन्या गाड्या आहेत आणि त्यांच्यावर हौसेने पैसे खर्चणारे मालकही आहेत. त्यांच्यासाठी या खटल्यातून घ्यायचं ते फार थोडं आणि अगदी कामाचं. रंग खरवडण्याआधी चासीवरचे आणि इंजिनवरचे आकडे जवळून फोटोत घ्यावेत. काढलेला भाग भंगारवाल्याला देऊ नये. त्याला तारखेची चिठ्ठी बांधून ठेवावा. जुनं आरसी बुक, विम्याचे कागद, गॅरेजची बिलं फाइलला लावावीत, त्यावर आजोबांच्या हातची टिपणं असली तर तीही. आणि ज्या म्हाताऱ्या मेकॅनिकने ते इंजिन पहिल्यांदा उघडलं, तो बोलण्याच्या स्थितीत आहे तोवर त्याच्यासमोर बसून, कोणता भाग कुठल्या गाडीतून आणला होता, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं.