शंखातला भाडेकरू



आपल्या खान्देशात समुद्र नाही, पण शंख-शिंपले घरोघरी आहेत. गटाची सहल कोकणात गेली, की परतताना पिशवीत मूठभर शंख येतातच. काही ठिकाणी तर शंखासकट जिवंत खेकडाही पाळायला विकत मिळतो. शंखावर लाल-निळा रंग, फुलं, कार्टूनचं तोंड. मुलं हट्ट धरतात आणि आपण घेतो. म्हणून आज बोलू या या खेकड्याबद्दल आणि त्याच्या घराबद्दल. घर खरं असावं की बनवलेलं?

आधी हा प्राणी समजून घेऊ. आपल्या नदीतल्या, शेताच्या बांधावरच्या खेकड्याचं सगळं अंग कडक असतं. या खेकड्याचं पुढचं अंग तेवढं कडक, मागचं पोट मऊ आणि उजवीकडे वळलेलं. ते उघडं राहिलं, तर तो सुकून मरतो किंवा कुणीतरी खातं. सुगरण स्वतःचा खोपा विणते, याला मात्र घर बांधता येत नाही. गोगलगायीसारखा एखादा समुद्री जीव मेला, की त्याच्या रिकाम्या शंखात हा राहायला जातो. आतल्या वळणाला मागच्या पायांनी घट्ट धरतो आणि मोठ्या नांगीने दार लावून घेतो.

अंग वाढलं, की शंख अपुरा पडतो. मग काय होतं ऐका. एखादा मोठा रिकामा शंख सापडला, की खेकडे लहान-मोठे असे ओळीने उभे राहतात. सगळ्यात मोठा नव्या शंखात शिरतो, त्याच्या जुन्यात दुसरा, दुसऱ्याच्यात तिसरा. थोरलीचा फ्रॉक मधलीला, मधलीचा धाकटीला, तसंच. म्हणजे किनाऱ्यावरचा एक शंख आपण उचलला, तर एकाचं नाही, पूर्ण रांगेचं घर अडतं.

आता रंगवलेल्या शंखाचं. रंगाचे पोपडे निघतात आणि ते खेकड्याच्या पोटात जातात. शिवाय शंख आतून रंगलेला असेल, तर तो रंग थेट मऊ कातडीला लागतो. प्लास्टिकच्या किंवा साच्यात ओतलेल्या शंखाला आतलं वळण नीट नसेल, तर खेकड्याला पकड मिळत नाही. पुढे निवडीला वाव मिळाला, की तो बहुधा साधा, खरा शंखच पसंत करतो. जपानमधल्या एका महिला कलाकाराने, आकी इनोमाता यांनी, खऱ्या शंखाची आतली रचना तपासून यंत्रावर पारदर्शक शंख बनवले, त्यात खेकडे राहिलेही. पण बाजारातला स्वस्त शंख इतका विचार करून बनवलेला नसतो.

मग खरा शंख विकत घ्यावा का? तिथेही मेख आहे. दुकानातले चकचकीत शंख बरेचदा आतला जीव मारून काढलेले असतात. 2001 पासून काही जातींच्या शंखांना वन्यजीव कायद्याचं संरक्षणही आहे. त्यामुळे नवे विकत आणू नका. घरात जुने, न रंगवलेले शंख पडले असतील, तर ते पाण्यात उकळा, गार करा आणि खेकड्याजवळ तीन-चार मांडा. तोंड गोल असावं आणि त्याच्या मोठ्या नांगीपेक्षा जरासं मोठं. कासार जसा हात पाहून बांगडी काढतो, तसं माप बघायचं. त्याला ओढून बाहेर काढू नका. तो शंख सोडत नाही, अंग तुटतं.

पाळण्याबद्दल स्पष्टच सांगते. विकला जाणारा जमिनीवरचा खेकडासुद्धा कल्ल्यांनीच श्वास घेतो. कल्ल्यांना सतत दमट हवा लागते. जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा पंचेचाळीसवर, कोरडी हवा. त्यात तो गुदमरतो. त्याची पिल्लं समुद्राच्या पाण्यातच वाढतात, म्हणून विकलेला जवळजवळ प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून उचललेला असतो. जो वीस-तीस वर्षं जगू शकतो, तो आपल्या घरी काही महिन्यांत संपतो. म्हणून नवा आणू नये.

आधीच घरी असेल, तर झाकणाचं काचेचं भांडं घ्या. त्यात वीतभर ओलसर वाळू घाला. एका वाटीत गोडं पाणी आणि दुसरीत मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्री मिठाचं पाणी ठेवा. आपलं आयोडीनचं मीठ चालत नाही. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. आणि एक लक्षात ठेवा. कात टाकताना तो कित्येक आठवडे वाळूत गाडून घेतो. मेला समजून उकरू नका, फेकू नका. दया म्हणून गिरणेत किंवा तापीत सोडू नका, तो बुडून मरेल.

सहलीत शंख उचलला, तर तो सावलीत वाळूवर ठेवा आणि चार-पाच मिनिटं गप्प बसा. पाय बाहेर आले, तर जिथून उचलला तिथेच ठेवा. ओहोटीच्या डबक्यातला खेकडा तर पिशवीत एक दिवसही काढत नाही.

शेवटचं, आणि हे आपल्या गावातलं. 2024 साली पोलंडच्या अभ्यासकांनी जगभरातले फोटो तपासले. त्यात 386 खेकडे शंखाऐवजी कचऱ्यात राहताना दिसले, बहुतेक प्लास्टिकच्या झाकणांत. दूरच्या कोकोस आणि हेंडरसन बेटांवर तर दरवर्षी सुमारे 5 लाख 70 हजार खेकडे प्लास्टिकच्या बाटल्या-डब्यांत अडकून मरतात, असा अंदाज आहे. एक अडकून मेला, की त्याच्या वासाने दुसरे येतात. त्यांना वाटतं, घर रिकामं झालं. एकाच डब्यात 526 सापडले होते.

धुळ्याची पांझरा, जळगावची गिरणा, दोन्ही तापीला मिळतात आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. नाल्यात टाकलेलं झाकण पुरात कुठवर जाईल, सांगता येत नाही. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. बाटलीचं झाकण बाटलीलाच लावून भंगारात द्यायचं, एवढं ठरवलं तरी पुष्कळ. आणि मुलांना शंख हवा असेल, तर मातीचा करायला शिकवा. कुंभाराकडून मूठभर माती आणली, की झालं.