यादीत नसलेलं बक्षीस



थोड्याच वेळात बक्षिसं वाटायची आहेत. टेबलावरच्या चषकांवर तुमचे डोळे खिळलेत, ते मला इथून दिसतंय. म्हणून बक्षिसांबद्दलच बोलतो.

मोबाइलवरचा गेम उघडला की रोज काहीतरी फुकट मिळतं. सलग सात दिवस आलात तर मोठी पेटी. सातव्या दिवशी तुम्ही खेळायला जाता की पेटी घ्यायला? मनाशी खरं उत्तर द्या. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी टेट्रिस बनवला. त्यात पेटी नव्हती, हजेरीचं बक्षीस नव्हतं. ठोकळे पडायचे, ओळ भरली की नाहीशी व्हायची आणि शेवटी आपण हरायचोच. तरी लोक तासन्‌तास खेळले, कारण ठोकळा नेमका खाचेत बसण्यातच सगळी मजा होती.

अशा मजेत बक्षीस आलं की काय होतं? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र झाल्यावर अवचित दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले. ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून होती. आवड तीच, प्रशस्तिपत्रही तेच. घात केला तो आधी लावलेल्या आशेने.

पालकांनो, ‘नव्वद टक्के आण, नवा फोन घेऊन देतो’ या वाक्याची मला म्हणूनच भीती वाटते. नकाशात हरवून जाणारं पोर त्या दिवसापासून टक्के मोजायला लागतं. नावडत्या कामाची सुरुवात आमिषाने होऊ शकते, हे खरं. पण जिथे पोर आपणहून रमलंय, तिथे कृपा करून मोबदला ठरवू नका.

हा मागचा पडदा आठवीच्या मुलामुलींनी रंगवलाय. त्याची स्पर्धा नव्हती, त्याला गुण नव्हते. तरी चित्रातल्या तटाच्या दगडांवरचं शेवाळसुद्धा त्यांनी सोडलेलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या परवानगीने आजचं पहिलं बक्षीस मी यादीबाहेरचं देतोय. आठवीच्या चित्रकारांनो, सगळे वर या.