आपल्या ज्येष्ठ कट्ट्याच्या येत्या सहली
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



कट्ट्याच्या सहली जाहीर करायचं काम माझ्याकडे आहे. बँकेत होतो म्हणून वर्गणीचा हिशेबही माझ्याच गळ्यात!

डिसेंबरात घारापुरी. गेटवेहून लाँचने साधारण तासभर. सोमवारी लेणी बंद, म्हणून मंगळवार धरला आहे. पण वर जायला सुमारे 120 पायऱ्या. हे ऐकलं की बी विंगमधल्या वहिनी म्हणतात, "भाऊ, माझं नाव नका घालू." डोली मिळते, पण चौघांच्या खांद्यावर बसायला त्यांना संकोच वाटतो. मागच्या दोन सहलींत अशी सात-आठ नावं गळली, आणि नेमकी तीच, ज्यांच्या घरी दिवसभर बोलायला कोणी नसतं.

म्हणून जानेवारीत राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. इमारत 1872 सालची, बघण्यासारखी. शिवाय ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती याच संग्रहालयाबाहेर उभा आहे. इंग्रज त्याला विलायतेला नेणार होते. उचलताना मोडला, म्हणून इथेच राहिला. आपलं नशीब! बुधवारी संग्रहालय बंद, तेव्हा गुरुवारी जाऊ.

मिनीबस प्रत्येक विंगच्या दाराशी येईल. सोसायटीची व्हीलचेअर बरोबर घेऊ. तरुणांपैकी दोघांनी त्या दिवशी रजा टाकावी, खुर्ची ढकलायला आणि गप्पा मारायलाही.

नावं रविवारपर्यंत वॉचमनकडच्या वहीत लिहा. वहिनींचं नाव मी पहिल्याच ओळीत लिहिलंय. खोडायचं असेल तर त्यांनी स्वतः खाली यावं.