पद्मिनीचं मागचं चाक आणि लोखंडाची एक छोटी कॉलर

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की मागच्या चाकातून घूं घूं असा आवाज येतोय, काय करू? म्हणून आजचा अख्खा भाग पद्मिनीच्या मागच्या एक्सलवर. बेअरिंग आणि ऑइल सील. काम अवघड नाही, पण यात एक जागा अशी आहे जिथे शॉर्टकट मारला तर जीव जाऊ शकतो. ती जागा आली की सांगतोच.

आधी आवाज ओळखायला शिका. गाडी चाळीसच्या वर गेली की घूं सुरू होतो, वेगाबरोबर वाढतो. आता ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. आवाज लगेच बदलला तर संशय डिफरन्शियलच्या गिअरवर. काहीच फरक पडला नाही, पण हलकं वळण घेतल्यावर कमी-जास्त झाला, तर बेअरिंग. मग चाक उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. खडखड जाणवली की विषय संपला.

सीलचं लक्षण वेगळं. ड्रमच्या आत काळं चिकट तेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ, आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. लायनरने एकदा गिअर ऑइल प्यायलं की ते पेट्रोलने धुवा, उन्हात वाळवा, काही उपयोग नाही. नवीनच टाका, आणि दोन्ही बाजूंना टाका.

आता रचना समजून घ्या. या गाडीत हाफ शाफ्ट दोन कामं करतो: चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही झेलतो. बेअरिंग थेट शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं, आणि ते जागेवर राहावं म्हणून त्याच्यामागे एक लोखंडी कॉलर घट्ट बसवलेली असते. नट नाही, पिन नाही. शाफ्ट, ड्रम आणि चाक हे सगळं बाहेर निसटू नये याची जबाबदारी या अंगठीएवढ्या कॉलरवर. ती सरकली तर चाक शाफ्टसकट बाहेर येतं, ड्रम ब्रेक शूवरून निघतो, सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात. सिंगल लाइनच्या गाडीत म्हणजे चारही ब्रेक गेले.

हे इतकं का सांगतोय? बाबांची गाडी उघडली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "जुनीच कॉलर लावू, वर दोन टाके मारू वेल्डिंगचे. कुठे जाते?" माणूस चांगला, हात सोन्यासारखा. बाबा त्यांना तीस वर्षं ओळखतात, त्यामुळे बाबाही लगेच म्हणाले, "त्यांना कळतं रे." पुढच्या आठवड्यात आई-बाबा याच गाडीने वरंध घाटातून महाडला जाणार होते. मी म्हटलं, "काका, तुमच्यावर शंका नाही, पण वेल्डच्या उष्णतेने शाफ्टचं पोलाद तिथेच ठिसूळ होतं, आणि शाफ्ट तुटायला अशीच जागा शोधतो." दहा मिनिटं वाद झाला. बाबा माझ्यावर चिडले. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "आण नवीन कॉलर, थांबतो मी."

तर, पद्धत. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला, एक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवर कुणीही खाली शिरायचं नाही. ड्रम काढा, फ्लँजच्या भोकातून पाना घालून प्लेटचे नट सोडा. शाफ्ट अडला तर स्लाइड हॅमर लावा.

जुनी कॉलर काढताना ड्रिलने भोक पाडायचं, पण आरपार नाही. शाफ्टला बिट लागता कामा नये. मग छिन्नीचा एक सणसणीत घाव, की कॉलर फाटते. गॅस कटर अजिबात नको.

बेअरिंग आणताना जुनं सोबत न्या. नाना पेठेत नुसतं "पद्मिनीचं द्या" म्हटलं तर जे हाती लागेल ते मिळतं. नंबर वाचायला शिका: शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतला व्यास. ६२०६ म्हणजे तीस मिलिमीटर. तरी व्हर्नियर लावून बघाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्यानंतर या गाडीचे खास पार्ट शोधावे लागतात. बेअरिंगचं नशीब बरं, ते स्टँडर्ड मापात मिळतं. कॉलरचं तसं नाही. लेथवर करून घेतली तर लेथवाल्याला शाफ्टच सोबत द्या; माप कागदावर लिहून देऊ नका, हा फिट मायक्रॉनचा खेळ आहे.

बसवताना क्रम: आधी प्लेट, मग बेअरिंग, मग कॉलर. प्लेट बाहेर राहिली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं, आणि फोडलेली कॉलर भंगारात. प्रेसवर दाबताना जोर फक्त आतल्या रिंगवर. बाहेरच्या रिंगवर दाबलं तर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवीन बेअरिंगच घूं करायला लागतं. बेअरिंग आणि कॉलर एकत्र दाबू नका, एक बसल्यावर दुसरी. कॉलर सहज सरकत गेली, प्रेसला जोर लागलाच नाही, तर ती ढिली आहे. परत करा. आमची पहिली कॉलर अशीच परत गेली, महाडही चार दिवस पुढे गेलं, आणि बाबा तोवर माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते.

सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे. ओठाला थोडं तेल लावा, कोरडं सील पहिल्याच फेरीत जळतं. शाफ्ट आत सारताना त्याचे दाते सीलवरून खरवडत नेऊ नका, हाताने उचलून धरा. शाफ्टवर सीलच्या जागी नखाला लागेल अशी खाच असेल, तर नवीन सीलही गळणार.

आणि हे कुणी सांगत नाही: हौसिंगवरचा ब्रीदर बघा. छोटंसं बटण असतं, चिखलाने बुजतं. तेल तापलं की आत हवेचा दाब वाढतो, बाहेर पडायला वाट नसते, मग तो सीलमधूनच तेल ढकलतो. लोक दर दोन महिन्यांनी सील बदलतात आणि दुकानदाराला शिव्या घालतात. ब्रीदर रॉकेलने धुवा. तेल नव्वद नंबरचं, भोकाच्या काठापर्यंतच. जास्त भरलं तरी गळतं.

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून दोन्ही ड्रमजवळ हात न्या. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल तर पुढे जाऊ नका. बाबांनी भोरला चहाला थांबून तेच केलं आणि मला फोन केला, "दोन्ही सारखेच आहेत." बाकी काही बोलले नाहीत.

पुढच्या भागात मास्टर सिलिंडर. प्रश्न असतील तर पाठवा, आणि आवाज असेल तर रेकॉर्ड करून पाठवा, ते जास्त बरं.